घरी ओतलेले, हाताने रंगवलेले नेपोलियनच्या काळातले सैनिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी कोणी आलं आणि मागच्या खोलीतलं टेबल बघितलं की तेच तेच प्रश्न येतात, पुण्याहून ठाण्याहून फोनवर पण येतात, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी इंग्लंडात यॉर्कशायरला राहतो त्यामुळे सामान मिळण्याबद्दलचं काही इथलं आहे, पण ओतकाम आणि रंगकाम सगळीकडे सारखंच.

हे नक्की काय आहे? खेळणी का?

धातू वितळवायचा, साच्यात ओतायचा, गार झाला की साचा उघडायचा आणि आतून सैनिक निघतो, पायापासून डोळ्यांपर्यंत साधारण २५ ते २८ मिलिमीटर उंच. मग तो कानशीने साफ करायचा, रंगवायचा, आणि असे शेकड्यांनी, जमलं तर हजारांनी करून एखादी खरी लढाई टेबलावर उभी करायची. दिवाळीत किल्ला करून त्यावर मातीचे मावळे मांडलेत ना, अळीव पेरून गवत उगवलंय, बुरुजावर तोफ, पायथ्याशी गाव, तीच ओढ आहे ही, फक्त हा किल्ला दिवाळी संपली की मोडत नाही, वर्षानुवर्षं वाढत जातो. खेळणी म्हणा हवं तर, मला तो शब्द आवडतो.

नेपोलियनच का?

खरं सांगायचं तर रंगांमुळे. १८०५ ते १८१५ या दहा वर्षांत युरोपातलं सैन्य जितकं रंगीत होतं तितकं नंतर कधीच नव्हतं. फ्रेंच निळे, इंग्रज लाल, ऑस्ट्रियन पांढरे, रशियन गडद हिरवे, प्रशियन काळपट निळे, आणि हुसार म्हणजे हलक्या घोडदळातल्या स्वारांबद्दल तर काय बोलावं, एकेका रेजिमेंटचा रंग वेगळा, वर सोनेरी दोऱ्यांचं काम. दुसरं कारण म्हणजे हे लोक लढायचेच मुळी खांद्याला खांदा लावून, रांगेत नाहीतर कॉलममध्ये, म्हणजे एकामागे एक ओळी लावलेल्या गच्च तुकडीत. त्यामुळे एकाच पोझमधले चाळीस सैनिक शेजारी शेजारी उभे केले तर ते चुकीचं दिसत नाही, उलट तसंच दिसायला पाहिजे. घरी ओतणाऱ्याकडे साचे थोडे असतात आणि पोझ त्याहून थोड्या, म्हणून हा काळ आपल्यासाठी अगदी सोयीचा.

पण एवढे कशाला? पन्नास छान रंगवलेले चालणार नाहीत का?

पन्नास छान रंगवून कपाटात ठेवणारे खूप लोक आहेत आणि त्यातले काही फार मोठे कलाकार आहेत, त्यांच्या एका चेहऱ्यावर जेवढं काम असतं तेवढं माझ्या अख्ख्या कंपनीवर नसतं. पण मला लढाई समजून घ्यायची असते आणि ती गर्दीशिवाय समजत नाही. १८०८ च्या हुकुमानंतर फ्रेंच बटालियन म्हणजे सहा कंपन्या, प्रत्येकी १४० माणसं, कागदावर ८४०. ती तीन ओळींत उभी राहायची, इंग्रज दोन ओळींत. आता वॉटर्लूला, म्हणजे नेपोलियनच्या १८१५ मधल्या शेवटच्या लढाईत, दुपारी दीडच्या सुमारास फ्रेंच सेनापती द'एर्लोंचं अख्खं कोअर, सोळा-सतरा हजार माणसं, गच्च कॉलम करून चढावरून वर निघालं, आणि वर पातळशी लाल रेघ. हे पुस्तकात वाचताना नुसता आकडा असतो. टेबलावर बघितलं की लगेच कळतं की कॉलमच्या मागच्या माणसाला बंदूक चालवताच येत नव्हती आणि समोरच्या रेघेतला प्रत्येक जण गोळी झाडू शकत होता. हे दाखवायला संख्या लागते, त्याला शॉर्टकट नाही.

म्हणून माझं मत पक्कं आहे, मोठ्या डिस्प्लेत एकेक सैनिक उत्कृष्ट असण्यापेक्षा सगळी बटालियन एकसारखी आणि भरगच्च असणं महत्त्वाचं.

एका बटालियनला किती आकृत्या?

बहुतेक लोक एक आकृती म्हणजे वीस माणसं धरतात, मग ८४० चे ४२ होतात. मी ३६ करतो, सहा पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर सहा, एक पट्टी म्हणजे एक कंपनी, मोजायला आणि हलवायला सोपं. १९८० च्या दशकात इथे यॉर्कशायरमध्येच पीटर गिल्डर यांनी मोठाल्या टेबलांवर अशाच मोठ्या बटालियनी मांडल्या होत्या, लोक सुट्टी घेऊन तिथे लढाया खेळायला यायचे, आणि आजही इथले जुने लोक भरगच्च युनिट दिसलं की त्यांचंच नाव काढतात.

सगळं वॉटर्लू करायचं मनात असेल तर हिशोब आधी करा. इंग्रजांच्या बाजूचा सेनापती वेलिंग्टन, त्याच्याकडे साधारण ६८,०००, नेपोलियनकडे ७३,००० च्या आसपास, वेलिंग्टनच्या मदतीला संध्याकाळपर्यंत पोचलेले प्रशियन ५०,००० च्या घरात. विसास एक धरलं तरी साडेनऊ हजार होतात. एकट्याने करायचं काम नाही हे, ग्रुप लागतो.

त्यापेक्षा एक तुकडा निवडा. ला हे सांत नावाचं शेतावरचं घर होतं रणांगणाच्या मधोमध, मेजर बारिंगच्या हाताखाली किंग्ज जर्मन लीजनची, म्हणजे इंग्रजांच्या सैन्यातल्या जर्मन शिपायांची, दुसरी लाइट बटालियन तिथे लढली, चारशेच्या आतबाहेर माणसं, आणि गोळ्या संपल्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास ते घर पडलं. आतले रक्षक एकास एक करता येतात! चारशे आकृत्या, एक अंगण, एक फाटक. मला विचाराल तर घरच्या डिस्प्लेसाठी याच्यासारखा विषय नाही.

सगळ्यात मोठा डिस्प्ले कुठला बघण्यासारखा?

मी पहिलं नाव कायम लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममधल्या कॅप्टन विल्यम सायबॉर्नच्या वॉटर्लूच्या मॉडेलचं घेतो. १८३० मध्ये हा माणूस त्या ला हे सांतमध्येच जाऊन आठ महिने राहिला, जमीन मोजली, मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून विचारलं की संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर शत्रू कुठला होता, शेतात पीक काय होतं. शेकड्यांनी उत्तरं आली. मधेच सरकारने पैसे द्यायचे बंद केले तर त्याने कर्ज काढून काम पुढे नेलं. १८३८ मध्ये मॉडेल लोकांना दाखवलं तेव्हा त्यात जवळपास ७५,००० आकृत्या होत्या, एकेक जेमतेम एक सेंटिमीटरची.

आणि यातला भांडणाचा भाग पण सांगितला पाहिजे. सायबॉर्नने पत्रांवरून प्रशियन जिथे दिसले तिथे मांडले, तर वेलिंग्टनच्या गोटातल्या लोकांना ते पसंत पडलं नाही कारण मग विजय वाटून घ्यावा लागला असता, आणि शेवटी त्याला प्रशियन आकृत्या कमी कराव्या लागल्या. मला याचं फार वाईट वाटतं. एवढी मेहनत करून गोळा केलेलं खरं टेबलावरून उचलायला लावलं. आपण छोटा डिस्प्ले करतो तेव्हा सुद्धा कोण कुठे उभा आहे याने गोष्ट बदलते, ते लक्षात ठेवून मांडा. त्याचंच दुसरं छोटं मॉडेल लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे.

जर्मनीत कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात कथलाच्या आकृत्यांचं म्युझियम आहे, तीन लाखांच्या आसपास आकृत्या आहेत तिथे. त्यातल्या बऱ्याचशा चपट्या असतात, पाटीच्या दगडात उलटं कोरून केलेल्या साच्यातून ओतलेल्या, जाडी जेमतेम नाण्याएवढी पण रंगवल्यावर गोल भासतात. लायपझिगच्या डोलिट्झ भागात एका जुन्या वेशीच्या इमारतीत १८१३ ची लायपझिगची लढाई मांडलेली आहे, लढाई खुद्द त्या परिसरात झाली होती. आणि ग्लासगोमध्ये २०१९ च्या जूनमध्ये वॉटर्लू परत खेळली तेव्हा वीस हजारांवर २८ मिलिमीटरच्या आकृत्या एकाच हॉलमध्ये होत्या.

साचे कुठे मिळतात?

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात प्रिन्स ऑगस्ट म्हणून कंपनी आहे, ती घरी ओतायचे तयार रबरी साचे विकते, नेपोलियनच्या काळातले पण आहेत, जगभरात बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. जुने जर्मन धातूचे साचे पण कधीकधी बाजारात दिसतात, लायपझिगच्या श्नायडर बंधूंचे वगैरे, ते संग्राहकांच्या भावाने जातात.

स्वतः साचा करायचा तर आधी मूळ आकृती घडवावी लागते, तारेच्या सांगाड्यावर दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने. मग ती प्लॅस्टिसिनमध्ये अर्धी बुडवायची, बाजूला चार खड्डे करायचे म्हणजे दोन अर्धे नंतर बरोबर जुळतात, वरून उष्णता सहन करणारं सिलिकॉन रबर ओतायचं, ते घट्ट झालं की उलटं करून प्लॅस्टिसिन काढायचं, व्हॅसलिनचा पातळ हात द्यायचा आणि दुसरा अर्धा ओतायचा. व्हॅसलिन विसरलात तर दोन्ही अर्धे एक होऊन बसतात, मग ब्लेडने कापण्याशिवाय इलाज नाही. काही प्लॅस्टिसिनमध्ये गंधक असतो आणि प्लॅटिनमवालं सिलिकॉन त्याला लागून घट्टच होत नाही, चिकट राहतं, तेव्हा घेताना विचारून घ्या.

दुकानातून एक आकृती आणून तिचाच साचा काढला तर?

नाही. ती कोणीतरी घडवलेली आहे आणि त्यावर त्याचं पोट आहे. हे छोटे छोटे धंदे असतात, एक दोन माणसांचे, त्यांची आकृती ओतून वाटली किंवा विकली तर तो माणूस पुढची आकृती घडवणारच नाही. घरी ओतायला विकलेले साचे वापरा नाहीतर स्वतः घडवा. या बाबतीत माझं उत्तर बदलणार नाही.

धातू कुठला?

शिसं ३२७ अंशाला वितळतं, कथील २३२ ला, पण दोन्ही एकत्र केले की त्याहून कमीला वितळतात, त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसं असेल तर १८३ लाच. मी आता शिसं नसलेला मिश्रधातू वापरतो, बहुतेक कथील, थोडं अँटिमनी, किंचित तांबं. महाग पडतं पण बारीक काम छान उतरतं आणि घरात मुलं असली तर दुसरा विचार करूच नये. तिकडे भारतात कल्हईवाले वापरतात ते कथील मिळतं, शुद्ध असेल तर उत्तम.

भंगारातल्या बॅटरीचं शिसं अजिबात नको, त्यात ॲसिड आणि काय काय असतं. आणि जस्ताची जुनी खेळण्यातली गाडी भांड्यात टाकू नका, थोडंसं जस्त गेलं तरी अख्खा धातू घट्ट लापशी होतो आणि साच्यात जातच नाही.

घरी करणं धोक्याचं नाही का?

काळजी घेतली नाही तर आहे. सगळ्यात मोठा शत्रू पाणी. वितळलेल्या धातूत ओलं काही पडलं तर पाण्याची एकदम वाफ होते आणि धातू उडतो, तोंडावर येतो. त्यामुळे नळाजवळ काम नको, पळी ओली नको, धुतलेले तुकडे पुरते वाळल्याशिवाय भांड्यात टाकू नका. चष्मा, चामड्याचे हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट. खिडकी उघडी. स्वयंपाकाचं भांडं नको, एक लोखंडी किंवा स्टीलचं भांडं यासाठीच ठेवा आणि त्यावर लिहून ठेवा. शिसं वापरत असाल तर वर जमणारी राखाडी साय आणि कानशीचा चुरा हाच खरा त्रास, तो पोटात जातो, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, हात धुतल्याशिवाय चहाला पण हात लावायचा नाही. गरोदर बाई किंवा लहान मूल त्या खोलीत नको.

बंदुकीचं टोक भरतच नाही, अर्धवट सैनिक निघतो. काय चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि नव्वद टक्के वेळा साचा गार असतो. पहिले काही सैनिक खराबच निघणार, ते परत भांड्यात टाका, साचा गरम होत गेला की बरे निघायला लागतात. त्यानंतर धातू बघा. काडेपेटीची काडी गुल काढून त्यात बुडवा, काडी हळूहळू तपकिरी झाली तर बरोबर, लगेच पेटली किंवा काळी पडली तर जास्त तापलाय, काहीच झालं नाही तर गार आहे.

मग हवा. धातू आत जातो तेव्हा आतली हवा कुठेतरी गेली पाहिजे, नाही गेली तर ती नेमकी बंदुकीच्या टोकाला नाहीतर शाकोच्या, म्हणजे त्या काळच्या उंच नळकांडी टोपीच्या, तुऱ्यात जाऊन अडकते. धारदार ब्लेडने त्या टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत केसाएवढी चीर द्या. दोन्ही अर्ध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि जास्तीची झटकून टाका, त्यानेही हवा निघते आणि साचा जास्त टिकतो. साचा दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून क्लॅम्प लावा, पण फार आवळू नका, रबर दबतं आणि सैनिक चपटा येतो, सैल ठेवलं तर कडेने पातळ पापुद्रा येतो. एका झटक्यात ओता, थांबत थांबत नाही, आणि ओतल्यावर टेबलावर साचा हलकेच दोन तीनदा आपटा.

हे सगळं जमलं की चांगल्या साच्यातून एका बैठकीत बटालियन निघते आणि त्याच्यासारखा आनंद नाही.

रंग कुठले? कॅम्लिन चालतात का?

चालतात. कोट, पँट, जमीन यांना कॅम्लिनचे ॲक्रिलिक पातळ करून दोन हात द्या. चेहरा, पांढरे पट्टे, बारीक काठ यासाठी वॅयेखोसारखे छंदाचे खास रंग घ्या, त्यांचा कण बारीक असतो. आधी प्रायमर मात्र हवाच, धातूवर नुसता रंग टिकत नाही, नखाने निघतो. मी काळा प्रायमर मारतो, खाचांमध्ये काळं राहिलं की सावली फुकट मिळते. शेवटी मॅट वार्निश, पण तिकडे पावसाळ्यात स्प्रेवालं वार्निश मारू नका, दमट हवेत ते पांढरट धुकं धरतं, कोरडा दिवस बघा किंवा ब्रशने लावा.

एवढे सगळे रंगवायला कंटाळा येत नाही?

एकेक रंगवायला घेतला तर येणारच. आइस्क्रीमच्या काड्यांवर सहा सहा चिकटवा आणि एक रंग सगळ्यांना लावूनच दुसरी बाटली उघडा. निळा कोट छत्तीस जणांना, मग पँट छत्तीस, मग कातडी रंगाचे हात चेहरे, मग बंदुकीचं लाकूड. पहिल्या सैनिकापाशी परत याल तोपर्यंत तो वाळलेला असतो. क्रम आतून बाहेर, आधी कातडी आणि कोट, सर्वात शेवटी छातीवरचे आडवेतिडवे पांढरे पट्टे, कारण ते सगळ्यात वर आहेत आणि लांबून तेच दिसतात. पट्टे थेट पांढरे करू नका, आधी राखाडी, मग कडा सोडून पांढरा.

रंग खऱ्यापेक्षा एक छटा उजळ घ्या. आकृती लहान म्हणून तिच्यावर पडणारा उजेड कमी दिसतो, खऱ्या गडद निळ्या कापडाचा तुकडा आणून मॅच केलात तर टेबलावर बटालियन काळी दिसेल. डोळे रंगवायची गरज नाही, तीन फुटांवरून कोणाला दिसत नाहीत, त्याऐवजी नाक आणि गालावर उजळ ठिपका द्या. हे नियम डिस्प्लेचे आहेत, स्पर्धेतल्या एकट्या आकृतीला लागू नाहीत.

युनिफॉर्म बरोबर आहे हे कसं कळणार?

आधी साल ठरवा. १८०६ पर्यंत फ्रेंच पायदळाच्या डोक्यावर दोन टोकांची हॅट, मग शाको. १८१२ च्या नियमांनी कोट आखूड झाला आणि पुढून बंद झाला, म्हणजे १८०५ च्या ऑस्टर्लित्झच्या लढाईतले सैनिक वॉटर्लूला उभे केले तर जाणकाराला लगेच दिसतं. फ्रेंच बटालियनमध्ये शाकोवरच्या गोंड्याचा रंग बघा, फ्युजिलिअर म्हणजे साध्या शिपायांच्या चार कंपन्यांना हिरवा, आकाशी, नारिंगी आणि जांभळा, ग्रेनेडिअर या निवडक शिपायांच्या कंपनीला लाल. एवढ्याशा ठिपक्याने पट्टीगणिक कंपनी ओळखता येते. इंग्रज पायदळाचे कोट बहुतेक लाल पण कॉलर आणि बाहीची टोकं रेजिमेंटप्रमाणे वेगळी, रॉयल असेल तर निळी, ९२ व्या हायलँडर्सची पिवळी.

आणि वॉटर्लूच्या आदल्या रात्री धो धो पाऊस होता, सगळे चिखलात झोपले होते. तेव्हा पांढऱ्याशुभ्र पँट नकोत, गुडघ्यापर्यंत तपकिरी हात फिरवा, शाकोवर काळं मेणकापडाचं आवरण, आणि बऱ्याच फ्रेंचांना राखाडी तपकिरी ओव्हरकोट, प्रत्येकाची छटा थोडी निराळी. परेडचे कोरे करकरीत सैनिक मला रणांगणावर बघवत नाहीत.

मांडणी कशी करायची?

टेबल कमरेच्या थोडं वर, म्हणजे बघणाऱ्याची नजर सैनिकांच्या जवळ जाते. जमीन थर्माकोलच्या थरांची, वरून फेविकॉल आणि वाळू, रंग, मग गवत. वॉटर्लूला राय नावाचं गव्हासारखं उंच पीक उभं होतं, नारळाच्या काथ्याची पायपुसणी कापून तिचं शेत फार छान होतं, सैनिक जिथून गेले तिथे आडवी तुडवलेली दाखवा. युनिट चिकटून, पण युनिटांमध्ये मोकळी जागा सोडा, ती जागा नसली तर नुसता बाजार दिसतो.

काही वर्षांनी सैनिकांवर पांढरी पावडर आली. बुरशी आहे का?

बुरशी नाही, शिसं सडतंय. ओक, एमडीएफ, प्लायवूड यातून ॲसिडची वाफ निघत राहते, बंद काचेच्या कपाटात ती कोंडते आणि शिशाचं हळूहळू पांढऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर होतं. ती पावडर विषारी आहे, फुंकर मारू नका. आकृती बाहेर काढा, ओल्या कापसाने पुसा, पुरती वाळू द्या, परत वार्निश करा आणि कपाट बदला, धातूचं किंवा काचेचं, हवा खेळती असलेलं. रंगाखालून पावडर आलेली असेल तर रंग काढण्यावाचून पर्याय नाही. बिनशिशाच्या धातूला हा त्रास नाही.

आपल्याकडची लढाई करता येईल का?

का नाही! असई घ्या. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्हा, केळणा आणि जुई नद्यांच्या मधली जमीन. पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली होता आणि समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी, जर्मन पोलमनच्या हाताखाली, शंभरच्या आसपास तोफांसकट. इंग्रजांची १,५०० च्या वर माणसं पडली किंवा जखमी झाली. म्हातारपणी त्याला विचारलं की तुझी सगळ्यात चांगली लढाई कुठली, तर त्याने असई सांगितली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत, आणि तो क्षण कोणीतरी मराठी माणसाने नीट, भरगच्च मांडावा असं मला मनापासून वाटतं. कंपूच्या, म्हणजे त्या कवायती पलटणीतल्या, शिपायाची मूळ आकृती मी पुट्टीत घडवायला घेतली आहे.

खर्च किती?

विकत घेण्यापेक्षा स्वस्त, पण साचे आणि भांडी यांचा पहिला खर्च चार पाचशे सैनिक ओतल्यावरच वसूल होतो. वीसच करायचे असतील तर सरळ विकत घ्या.

सुरुवात कशी करू?

फ्रेंच फ्युजिलिअरचा एक साचा घ्या. छत्तीस ओता, त्याहून एकही जास्त नाही, कारण न रंगवलेल्या धातूचा ढीग बघून हात गळतात. ते रंगवून, पट्टीवर चिकटवून, झेंड्यासकट पूर्ण झाल्याशिवाय भांडं परत तापवायचं नाही. झेंडा कागदावर रंगवा, दोन्ही बाजू चिकटवून ओला असतानाच बोटाने लाटा पाडा म्हणजे फडकल्यासारखा वाळतो. आणि १८०८ नंतरची दुसरी बटालियन करत असाल तर झेंड्याच्या काठीवर धातूचा गरुड लावू नका, गरुड रेजिमेंटला एकच आणि तो पहिल्या बटालियनकडे.